साताऱ्याहून श्रीलंकेला जाऊन स्वतः रिक्षा चालवायचीय? मग आधी हे वाचा

परवा मोती चौकात एक ओळखीचा पोरगा भेटला, म्हणाला दादा लग्न झाल्यावर श्रीलंकेला जायचं ठरवलंय, तुम्ही तिकडं स्वतः रिक्षा भाड्यानं घेऊन फिरलात म्हणे, आम्हाला पण सांगा की कसं जमवायचं. रस्त्यातच उभ्या उभ्या अर्धा तास बोललो तरी निम्मं राहिलंच. म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, मी, बायको आणि आई. आईचं वय ६३. ती मागच्या सीटवर बसून अख्खा दक्षिण किनारा फिरली, त्यामुळं वयस्कर माणसं घेऊन जाता येईल का असं विचारणाऱ्यांना मी सरळ हो म्हणतो, फक्त तयारी साताऱ्यातूनच करून निघायची.

आधी गाडी काय असते ते सांगतो. तिकडं ज्याला टूरिस्ट लोक टुकटुक म्हणतात आणि तिथली माणसं थ्री-व्हील म्हणतात ती आपलीच बजाजची रिक्षा. आपल्या वाळूजच्या कारखान्यात बनते तीच. दोन्ही बाजू उघड्या, पावसासाठी गुंडाळून ठेवलेले पडदे, इंजिन मागं. पेट्रोलवर चालते, टाकी लहान असते, आठेक लिटरची. अख्ख्या देशात अशा दहा लाखांहून जास्त रिक्षा आहेत, त्यामुळं गाडी बंद पडली तर मेकॅनिक आणि पार्ट हाकेच्या अंतरावर मिळतात. टूरिस्टना स्वतः चालवायला देणारे नेगोंबो, गॉल, वेलिगामा अशा ठिकाणी भेटतात. भाडं दिवसावर असतं आणि जास्त दिवस घेतली तर दर उतरतो.

१. कागद, आणि हे सगळ्यात आधी

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते आपल्या साताऱ्याच्या आरटीओतच मिळतं, सांगलीवाल्यांना सांगलीत आणि कराडवाल्यांना कराडात. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करायचा, फॉर्म ४ए, फी १००० रुपये. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, लायसन, मेडिकलचा फॉर्म १ए आणि फोटो, एवढ्याच्या झेरॉक्स काढून फायलीत लावून ठेवा. परमिट १ वर्ष चालतं, पण मूळ लायसन त्याच्या आधी संपत असेल तर तोपर्यंतच, म्हणून लायसनची तारीख आधी बघा.

आता महत्त्वाचं. परमिटच्या त्या छोट्या पुस्तकात शेवटच्या पानावर ए, बी, सी असे गाड्यांचे वर्ग असतात आणि तुमच्याकडं ज्याचं लायसन आहे त्यापुढं शिक्का मारतात. १९४९ च्या जिनिव्हा करारातला हा नमुना आहे आणि त्यात रिकाम्या असताना ४०० किलोपर्यंत वजनाच्या तीनचाकी गाड्या ए वर्गात येतात, म्हणजे मोटरसायकलच्या वर्गात. बरेच जण कार चालवतात म्हणून फक्त बी चा शिक्का घेऊन येतात आणि तिथं जाऊन अडकतात. तुमच्या लायसनवर गिअरची टू-व्हीलर आणि कार दोन्ही असेल तर ए आणि बी दोन्हीवर शिक्का आहे का हे आरटीओच्या खिडकीवरून हलायच्या आधी बघून घ्या. फक्त विनागिअरच्या स्कूटीचं लायसन असेल तर आधी इथं गिअरच्या टू-व्हीलरचं लायसन काढा, सहलीची तारीख दोन-तीन महिने पुढं गेली तरी चालेल.

आणि एवढ्यावर भागत नाही. श्रीलंकेत नुसतं आपलं परमिट दाखवून चालत नाही, त्याला तिथली मान्यता लागते, वेगळा कागद असतो. भाड्यानं देणारे बहुतेक जण तो करून देतात, परमिटचे आणि लायसनचे फोटो आधी मागवून घेतात. पण हे नियम मधे मधे बदलत असतात, म्हणून बुकिंगचे पैसे भरायच्या आधी मेसेज करून दोन प्रश्न विचारा: माझ्या नावाचा मान्यतेचा कागद तुम्ही देणार का, आणि त्या कागदावर तीनचाकी असं लिहिलेलं असणार का. दोन्हीला लेखी हो आलं तरच पैसे भरा. काही जण म्हणतात काय होत नाय, पोलीस सोडतात. पोलीस सोडतील हो, पण कुणाला धक्का लागला आणि कागद नसेल तर इन्शुरन्स हात वर करतो, परक्या मुलुखात ते निस्तरत बसणं कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

२. साताऱ्यातच दोन-चार सकाळी हात बसवून घ्या

याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण इथंच लोक चुकतात. आपण जन्मभर रिक्षात मागं बसलेलो असतो, पुढं कधीच नाही. बाईक येते म्हणजे रिक्षा येते असं वाटतं, आणि ते खरं नाही.

आमच्या गल्लीत तात्या आहेत, तीस वर्षं राजवाड्याच्या स्टँडला रिक्षा लावतात. त्यांना म्हटलं तात्या जरा शिकवा. पहाटे साडेपाचला जिल्हा परिषदेच्या मैदानावर घेऊन गेले, मोकळं मैदान, माणूस नाही काही नाही. रस्त्यावर शिकायच्या भानगडीत पडू नका, मैदानातच शिका. पहिल्याच वळणाला मी बाईकच्या सवयीनं अंग आत झुकवलं आणि हँडल तसंच ठेवलं, गाडी सरळच निघाली. तात्या मागून म्हणाले, "आवं ही काय बाईक हाय व्हय झोपवायला, हँडल वळवा की." हाच पहिला धडा. बाईक झुकून वळते, रिक्षा झुकत नाही, ती हँडलनं वळते आणि वळताना तिचं अंग बाहेरच्या बाजूला जातं. पुढं एकच चाक असल्यानं वेगात वळलं की बाहेरच्या पुढच्या कोपऱ्याला आधारच नसतो, आणि वळणात असताना ब्रेक मारला तर सगळं वजन नेमकं त्याच कोपऱ्यावर जातं. रिक्षा उलटते ती अशी. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक नाही.

तात्यांनी मग घरनं आणलेला तांब्या काढला, काठोकाठ पाणी भरलं आणि मागच्या सीटपुढं खाली ठेवला. म्हणाले आता आठाचा आकडा काढा मैदानात. पहिल्या सकाळी निम्मा तांब्या सांडला, फ्लोअरची रबरी मॅट चिंब. तिसऱ्या सकाळी बोटभर पाणी गेलं असेल. ज्या दिवशी तांब्या जवळजवळ भरलेला राहिला त्या दिवशी तात्या म्हणाले जावा आता लंकेला. तुम्हीही हे करा, दुसरी परीक्षाच नको.

गिअर डाव्या मुठीत असतो. क्लच दाबायचा आणि मूठ फिरवायची, जुन्या चेतकसारखं. ज्यांनी वडिलांची चेतक चालवलीय त्यांना दहा मिनिटांत जमतं, बाकीच्यांना पहिला आणि न्यूट्रल सापडायला दोन सकाळी लागतात. ब्रेक फक्त पायात असतो, आणि अडचणीच्या वेळी बाईकवाल्याचा उजवा हात आपोआप ब्रेकची लिव्हर शोधतो, तिथं ती नसते. हा सेकंदभराचा घोळ मैदानातच संपवून टाका, मुद्दाम वीस-पंचवीस वेळा थांबायचा सराव करा म्हणजे पाय आपोआप जातो. रिव्हर्सला वेगळी लिव्हर असते, खाली सीटच्या बाजूला, गाडी पूर्ण उभी केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. दोन दगड मांडून त्यांच्या मधून मागं घ्यायला शिका, गेस्टहाउसच्या बोळात याचा फार उपयोग होतो.

आणि खड्डे. बाईकवाला खड्डा चुकवतो, कारवाला दोन चाकांच्या मधे घेतो, रिक्षाला मधे घेतला की पुढचं चाक बरोबर त्यातच जातं. तात्यांची युक्ती अशी की खड्डा पुढच्या चाकाच्या आणि मागच्या एका चाकाच्या मधल्या पट्ट्यात घ्यायचा, म्हणजे हातभर डावीकडं किंवा उजवीकडं सरकायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतरच्या रस्त्यांवर त्यांनी हे कमावलंय, श्रीलंकेतले मुख्य रस्ते चांगले आहेत पण गावातल्या आतल्या रस्त्याला आणि रेल्वे फाटकाला हे कामाला येतं.

३. कधी आणि कुठं

दक्षिण आणि पश्चिम किनारा डिसेंबर ते मार्च. मे ते सप्टेंबर तिकडं आपल्यासारखाच नैऋत्य मान्सून असतो, उघड्या रिक्षात काही मजा नाही. त्या दिवसांत जायचं असेल तर पूर्व किनारा कोरडा असतो. मुंबईहून कोलंबो विमानानं अडीच तासांच्या आसपास, घड्याळ आपलंच आहे, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळं तेवढं डोक्याला सोपं जातं.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं कोलंबोतून रिक्षा घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळ्यांची नजर स्वस्तातल्या डीलवर असते, पण पहिल्याच दिवशी तिथल्या ट्रॅफिकमधे हात थरथरतात. ट्रेननं गॉलला जा, ती लाइन समुद्राच्या अगदी कडेनं जाते, आणि रिक्षा गॉलला किंवा वेलिगामाला ताब्यात घ्या.

आमचा रस्ता असा होता: गॉल, उनावतुना, कोग्गला, वेलिगामा, मिरिस्सा, मातरा, दोंद्रा, तंगल्ले. सगळा ए२ नावाचा रस्ता, एकूण ऐंशीएक किलोमीटर. कारवाला दोन तासांत उरकेल, आम्ही तीन दिवस लावले आणि तेच बरोबर. गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी १५८८ मधे सुरू केला, मग डचांनी वाढवला, १९८८ पासून जागतिक वारशात आहे. आपल्याला डोंगरी किल्ल्यांची सवय, हा सपाटीवरचा, आत लोक राहतात, शाळा आहे, कोर्ट आहे. संध्याकाळी तटावरून चालत जा, रिक्षा बाहेर लावून. दोंद्राला १८९० चं दीपगृह आहे, देशाचं सगळ्यात दक्षिणेचं टोक. आई तिथं दगडावर बसून बराच वेळ समुद्राकडं बघत होती, तिला सांगितलं इथून सरळ खाली गेलं तर अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. कोग्गलाला काठीवर बसून मासे धरणारे कोळी दिसतात, फोटो काढला की पैसे मागतात, आधी विचारून ठरवून घ्या म्हणजे दोघांचाही मान राहतो.

४. गाडी ताब्यात घेताना

घाई करू नका, तासभर लागू द्या. मोबाईलचा व्हिडिओ चालू करून गाडीभोवती पूर्ण चक्कर मारा, ओरखडे, चेपलेलं, हूडच्या कापडाची फाटलेली शिवण, आरशाची तडा, सगळं बोलत बोलत घ्या आणि तो व्हिडिओ तिथल्या तिथं मालकाला पाठवा. आम्ही हे नीट केलं नव्हतं. परत देताना मागच्या मडगार्डवरचा जुना ओरखडा आमच्या नावावर लावला आणि डिपॉझिटमधले पैसे कापले. भांडून उपयोग नव्हता, आमच्याकडं पुरावाच नव्हता.

मग बघायचं ते: तिन्ही टायर आणि स्टेपनी, जॅक, हेडलाइट, मागचे दिवे, हॉर्न, हँडब्रेक, आणि क्लचची केबल. केबल मुठीपाशी उसवलेली दिसली तर तिथंच बदलून मागा, रस्त्यात तुटली की गाडी जागेवर. एक जादा केबल आणि एक स्पार्क प्लग टूलच्या पिशवीत ठेवायला सांगा. पेट्रोलच्या नळाचं रिझर्व्ह कुठल्या बाजूला आहे ते दाखवून घ्या, कारण बऱ्याच गाड्यांचा पेट्रोलचा काटा खरं सांगत नाही. पेट्रोल ९२ ऑक्टेनचं भरायचं. इन्शुरन्सच्या कागदाचा आणि नंबर प्लेटचा फोटो, आणि चालवणारे दोघं असतील तर दोघांची नावं करारात.

आमचा मालक बाकी माणूस म्हणून गोड होता, मला बाजूला बसवून पंधरा मिनिटं त्यानं चालवून दाखवली, मग मला चालवायला लावली. असं करत नसेल तर स्वतःहून म्हणा की माझ्याबरोबर एक फेरी मारा.

५. रस्त्यावर

तीनचाकीला ४० ची वेगमर्यादा आहे. आम्ही ३० ते ३५ नं चाललो, त्याच्यावर रिक्षा थरथरते आणि समुद्राचा आवाजही ऐकू येत नाही, मग उघड्या गाडीतून आलो कशाला. एक्सप्रेसवेवर तीनचाकीला बंदीच आहे, पण मॅप नेमका तिकडंच वळवतो, म्हणून मॅपमधे टोल आणि हायवे टाळायचं सेटिंग निघायच्या आधीच करून ठेवा.

बसवाले मात्र जपून. खासगी बस मागून येऊन हॉर्न देते म्हणजे तिला जायचंच असतं, डावीकडं सरकून सरळ वाट द्या, त्यात कमीपणा नाही. झेब्रा क्रॉसिंगला माणूस दिसला की तिथल्या गाड्या खरंच थांबतात, तुम्हीही थांबायचं, आणि पुढची गाडी अचानक थांबली की तिच्यावर जाऊन आदळायचं नाही म्हणून अंतर ठेवायचं. समुद्राच्या कडेनं रेल्वेचं फाटक ओलांडताना पहिल्या गिअरमधे, रुळाला शक्य तितकं काटकोनात.

सामान मागं खाली मधोमध ठेवा, टपावर जड बॅग नको, वरचं वजन वळणात ओढतं. पर्स, मोबाईल, पासपोर्टची पिशवी उघड्या बाजूला सीटवर ठेवायची नाही, आतल्या बाजूला अडकवून ठेवायची. डोळ्याला साधा चष्मा आणि नाकाला रुमाल असू द्या, आईनं पदर घट्ट खोचला होता आणि तरी पहिल्या दिवशी वाऱ्यानं तिचा चेहरा रापला. पदर, ओढणी बाहेर लोंबकळता कामा नये, चाकात जाते.

सिंहली फार अवघड वाटत नाही. डावीकडं म्हणजे वमट, उजवीकडं दकुणट, आपलंच वाम आणि दक्षिण. सरळ म्हणजे केलिन. आभार मानायला इस्तूती म्हणतात, आई म्हणाली ही तर आपली स्तुती, आणि मग दिसेल त्याला म्हणायला लागली, लोक एवढे खूष व्हायचे की दोनदा तर रस्ता दाखवायला पुढं सायकल घालून आले.

शाकाहारी माणसांसाठी एक गोष्ट: भातासोबत खोबऱ्याचं पोल सांबोल येतं, दिसायला आपल्या ओल्या चटणीसारखं, पण त्यात बऱ्याचदा वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. आधी "माळु एपा" सांगा, म्हणजे मासे नकोत. परिप्पू म्हणजे डाळ, ती आईला फार आवडली. रस्त्याकडेला नारिंगी शहाळं मिळतं, तंबिली, दुपारी थांबायला तेवढं कारण पुरे.

६. घाट चढायचा असेल तर

तंगल्लेहून पुढं वेल्लवायामार्गे डोंगरातल्या एल्ला गावाला जाता येतं. वेल्लवाया ते एल्ला अंतर साधारण साताऱ्याहून कासला जाण्याएवढंच, पण चढ त्याहून जास्त. इथं निघायच्या आधी यवतेश्वरचा घाट एकदा तात्यांसारख्या माणसाच्या शेजारी बसून नुसता बघा, तो कुठल्या वळणाला कुठला गिअर टाकतो ते. चढाला वेग सांभाळायच्या नादात गिअर उशिरा पाडला की गाडी मधेच बंद पडते, आधीच पाडायचा. उतरताना ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरायचं, न्यूट्रल करून किंवा क्लच दाबून कधीच नाही, ब्रेकचे ड्रम तापले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. दर काही किलोमीटरनं पाच मिनिटं थांबा, एल्लाच्या अलीकडं रावण धबधबा लागतो, तिथं ब्रेकही थंड होतात आणि माणसंही. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल तर दरडीची चौकशी केल्याशिवाय घाटात शिरू नका.

आणि हत्ती. बुत्तल ते कतरगाम रस्त्यावर आणि उडवलवेच्या बाजूला जंगली हत्ती रस्त्यावर येतात, लोकांनी खायला घालून घालून काहींना गाड्या अडवायची सवय लागलीय. उघड्या रिक्षात आणि हत्तीत काहीच नसतं. लांबूनच थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं, एखादी बस पुढं जाऊ द्यायची आणि तिच्या आडोशानं जायचं, खायला काहीही टाकायचं नाही. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा हा नियम तर सगळीकडंच, आम्ही साडेपाचला गाडी लावायचो.

७. परत देताना

ठरल्या वेळेच्या दोन तास आधी पोचा. पेट्रोल जेवढं घेतलं तेवढं भरून द्या, वाळू झाडून काढा, सीटखालचा कप्पा बघा, आमचा चार्जर तिथंच राहिला होता. पुन्हा चक्कर मारून व्हिडिओ काढा आणि डिपॉझिट मोजून हातात पडल्यावरच किल्ली द्या. रोख दिलं असेल तर रोखच परत मागा, नंतर पाठवतो म्हटलं तर नको म्हणा. विमान त्याच दिवशी ठेवू नका, एक रात्र मधे असू द्या, कारण गॉलहून विमानतळ लांब आहे आणि गाडी परत द्यायला उशीर होतोच.